तुलनेचा तारा

वेधशाळेत तिला सगळे ताई म्हणत. संचालक म्हणत, फाटकावरचा पहारेकरी म्हणे, आणि फोनवर चुकून लागलेला माणूससुद्धा दोन मिनिटांत ताईवर येई. तेहतीस वर्षांत तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. निवृत्तीला अकरा आठवडे राहिले होते. त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला ती मोजणीच्या खोलीत दोन कागद समोर ठेवून बसली होती, आणि चहावर साय धरली तरी तिचा हात कपाकडे गेला नव्हता.

पहिला कागद राक्षसाचा होता. पुस्तकात या जातीच्या ताऱ्यांना निळे महाराक्षसी तारे म्हणतात. वेधशाळेने आपल्या लाडक्या ताऱ्यापुरतं ते नाव आटोपशीर करून घेतलं होतं. सूर्याच्या पस्तीसपट वजनाचा, काही लाखपट उजेडाचा, आणि अंगातला वायू वाऱ्यासारखा सतत बाहेर भिरकावणारा हा तारा काही स्वस्थ जळत नाही. त्याचं तेज कधी चिमूटभर चढतं, कधी चिमूटभर उतरतं. या चढउताराला काही ताल आहे की तो नुसताच अस्वस्थ आहे, एवढ्या एका प्रश्नावर मोठ्या सरांनी आयुष्य घातलं होतं.

सरांचं उत्तर होतं, ताल आहे. एकेचाळीस दिवसांचा. ताऱ्याच्या अंगावर एक उजळ डाग आहे, त्या डागावरून वारा जास्त जोराने सुटतो, आणि तारा स्वतःभोवती फिरतो तसा तो वारा बागेतल्या फिरत्या नळीच्या पाण्यासारखा वळसे घेत लांब जातो. डाग आपल्या बाजूला आला की तारा किंचित उजळतो. एक फेरी, एकेचाळीस दिवस. बाकीच्या जाणकारांना हे पटलं नव्हतं. परिषदांमध्ये लोक सरांच्या तोंडावर हसले होते, आणि 'तुला जे दिसतंय ते तिथे नाही' असं छापून म्हणणाऱ्या एका जिवलग मित्राशी सरांनी कायमचा अबोला धरला होता. सर बधले नाहीत. "माझ्याकडे ताईची मोजमापं आहेत," असं म्हणत, आणि त्यांच्यापुरता विषय तिथे मिटे.

आता ही मोजमापं कशी घेतात ते सांगायला हवं, नाहीतर ताईचा चहा का निवला ते कळायचं नाही. आकाश रोज सारखं नसतं. आज धूळ, उद्या दमट हवा, परवा ढगाचा पातळ पापुद्रा. म्हणून एकट्या ताऱ्याचं तेज मोजून भागत नाही. त्याच्या शेजारचा एक न बदलणारा तारा हेरायचा, दुर्बीण आधी त्याच्यावर, मग आपल्या ताऱ्यावर, मग पुन्हा त्याच्यावर लावायची, आणि दोघांतला फरक तेवढा वहीत उतरवायचा. या शेजाऱ्याला तुलनेचा तारा म्हणतात. राक्षसाच्या शेजारची ही तुलनेची तारका बारीकशी, निळसर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. वेधशाळेत तिला सगळे बापडी म्हणत.

दुसरा कागद बापडीचा होता.

अवकाशात सोडलेल्या एका नव्या दुर्बिणीने आकाशाचा तो तुकडा सलग दोनशे दिवस टिपला होता. तिथे ना धूळ ना ढग, त्यामुळे तुलनेची गरजच नाही. ज्याचं तेज त्याच्या नावावर. त्या आकड्यांतून ताईने राक्षसाचा आलेख काढला, तर त्यात एकेचाळीस दिवस औषधालासुद्धा नव्हते. आधणावरचं झाकण थडथडावं तसा तारा थडथडत होता. आतून लाटा वर येत होत्या, वारा गोळ्यागोळ्यांनी सुटत होता, आणि हे सगळं वाटेल तेव्हा. तीन दिवस तिने तो आलेख उलटासुलटा तपासला. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, तिने बापडीचे आकडे काढले. कागदावर एक गुळगुळीत, देखणी लाट उमटली. वर, खाली, पुन्हा वर. मोजली तर एकेचाळीस दिवसांची.

म्हणजे डाग होता, फिरणं होतं, फेरीही सर म्हणत तेवढ्याच दिवसांची होती. फक्त ते सगळं बापडीच्या अंगावरचं होतं. बापडी मंदावली की राक्षस उजळल्यासारखा दिसे, बापडी उजळली की राक्षस मंदावल्यासारखा, आणि दोघांतला फरक इमानेइतबारे वहीत उतरत गेला. एक नाही, दोन नाही, तेहतीस वर्षं.

ताईचा चहा निवला होता तो याच्यामुळे, आणि आणखी एका गोष्टीमुळे. बापडी तिनेच निवडली होती.

चोवीस वर्षांची होती तेव्हा. नोकरी लागून महिना झाला नव्हता. सरांनी पहिलं काम दिलं, "राक्षसाला एक न हलणारा शेजारी शोध." तिने सहा तारे पाहिले, पाच गाळले, आणि बापडीवर ओळीने बारा रात्री दुर्बीण धरली. बारा रात्री बापडी तसूभर हलली नाही. तेराव्या रात्री ढग आले ते पाच आठवडे हटले नाहीत. ते सरले तेव्हा राक्षस पश्चिमेकडे कलू लागला होता आणि मोसम हातचा जाणार होता. सरांनी विचारलं, "स्थिर आहे ना?" ती म्हणाली, "आहे, सर." किती रात्री पाहिलं हे तिने सांगितलं नाही. त्या बारा रात्री लाटेच्या अगदी माथ्यावरच्या असणार, जिथे चढही नसतो आणि उतारही नसतो. नव्या नोकरीत सरांना नाही कसं म्हणायचं, एवढ्या एका भिडेपोटी ती 'आहे' म्हणून गेली होती, आणि पुढे स्वतःच ते विसरली होती.

दोन्ही कागद घेऊन ती संचालकांकडे गेली. संचालक वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान, मोठ्या सरांचे शेवटचे विद्यार्थी. हा तोच माणूस, ज्याला तिने दुर्बिणीचं झाकण कुठे ठेवतात तिथपासून शिकवलं होतं. त्यांनी कागद पाहिले, पुन्हा पाहिले, आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"ताई, हे आणखी कोणी पाहिलंय?"

"नाही."

"सरांच्या पंचाऐंशीव्या वर्षाचा गौरव अंक छपाईला गेलाय. पहिल्याच पानावर एकेचाळीस दिवस आहेत." ते खुर्चीत टेकले. "काल डॉक्टरांशी बोललो मी. हृदय थकलंय. दोन महिने, फार तर तीन. आता त्यांना हे सांगून काय साधणार आहे? जाऊ द्या ना त्यांना समाधानाने. नंतर आपण सावकाश छापू. आणि तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी."

"आणि त्यांनी विचारलं तर? रोज निरोप येतोय, नव्या दुर्बिणीचे आकडे आले का म्हणून."

"सांगा, अजून यायचेत."

खरं सांगायचं तर तीन दिवस ताईच्या मनात हेच घोळत होतं, अगदी याच शब्दांत. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. 'तुमच्यावर काही येऊ देणार नाही' हे तर जिव्हारी लागलं. ती उठली, कागद पिशवीत घातले आणि सरांच्या घरची बस धरली. सांगायचं असं ठरवून निघाली म्हणावं तर तसंही नाही. बसमधून उतरेपर्यंत तिचं काही म्हणता काही ठरलं नव्हतं.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार काकूंनी उघडलं. सरांची बायको, वय एकोणऐंशी, चणीने एवढीशी, आणि आयुष्यात कधी अंथरूण धरलेलं कोणाला आठवत नाही अशी बाई. दार उघडल्यावर त्या चौकट धरून क्षणभर उभ्या राहिल्या. घरातल्या सपाता सोडून त्यांनी सरांचे मोठे जोडे पायांत अडकवले होते.

"ये गं. सकाळपासून तीनदा विचारून झालंय तुझं."

"बरं नाही का, काकू?"

"मला काय धाड भरलीय? झोप नाही, म्हणून डोकं जरा जड असतं. पाय म्हणशील तर दिवसभर उभं राहून सुजतात. तू आत जा, मी चहा टाकते."

सर खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. अंगात फक्त डोळे उरले होते, पण ते पहिल्यासारखेच होते. उशाशी छोट्या मेजावर रक्तदाब मोजायचं मशीन होतं आणि शेजारी एक उघडी वही. ताईने पिशवी मांडीवर घेतली आणि वेळ काढायला म्हणून वहीकडे पाहिलं.

"बघ, बघ. हिचं काम बघ," सर म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण त्यात कौतुक होतं. "मशीन आणलं तेव्हा मी म्हटलं, हे बरोबर दाखवतं कशावरून? तर हिने तोडगा काढला. आपली रीत काढली गं हिने."

वहीत चार रकाने आखलेले होते. 'मी', 'हे', 'फरक', 'खरं'. काकू चहा घेऊन आल्या आणि स्वतःच समजावू लागल्या.

"अगं, माझं कायम एकशेवीस. सात वर्षांपूर्वी मोठ्या तपासणीत आलं होतं, तेच धरलंय. मशीन आणलं त्या दिवशी माझं आलं एकशे चौतीस. म्हणजे मशीन चौदा जास्त दाखवतंय. मग यांचं येईल त्यातून चौदा काढायचे. रोज आधी माझं घेते, मग यांचं, आणि फरक वजा करून डॉक्टरांना फोनवर सांगते. दिवसेंदिवस बिघडतच चाललंय मेलं. परवा तर अठ्ठेचाळीस जास्त दाखवत होतं."

"पन्नास वर्षं माझ्याबरोबर राहून एवढं शिकली," सर म्हणाले.

"शिकेन नाहीतर काय करेन? या घरात जेवताना दुसरा विषय कधी निघालाय?" काकूंनी कप पुढे केला. "डॉक्टरसुद्धा खूश आहेत. यांचं उतरायला लागलं म्हणून मागच्या महिन्यात गोळी निम्मी केली त्यांनी."

"छान केलंत, काकू," ताई म्हणाली. तिचं लक्ष वहीत नव्हतंच. आकडे तिच्या डोळ्यांसमोर होते आणि तिला फक्त पिशवीतले दोन कागद दिसत होते. काकू आत गेल्या.

"हं," सर म्हणाले. "आले का आकडे?"

ताईने तोंड उघडलं. 'अजून यायचेत' एवढेच दोन शब्द होते, जिभेवर तयार होते. पण सरांनी हात पुढे केला होता. तळवा वर, बोटं जरा वाकलेली. तेहतीस वर्षं रोज सकाळी हा हात असाच पुढे यायचा आणि ती त्यावर रात्रीची वही ठेवायची. त्या हातावर तिने आजवर कधी खोटं ठेवलं नव्हतं. एकदा ठेवलं होतं ते नकळत. तिने दोन्ही कागद काढून दिले.

सरांनी उशीखालचं भिंग काढलं. पहिला कागद त्यांनी फार वेळ पाहिला. भिंग डावीकडून उजवीकडे गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. मग दुसरा कागद घेतला.

"ही कोण?"

"बापडी, सर."

"लाट किती दिवसांची?" त्यांना कळलं होतं. लाटा मोजायला त्यांना दुसऱ्याची गरज कधीच नव्हती. तरी त्यांनी विचारलं.

"एकेचाळीस."

भिंग पांघरुणावर पडलं. मग ताईने सगळं सांगून टाकलं. बारा रात्री, तेराव्या रात्रीचे ढग, "आहे, सर" असं आपण कसं म्हणालो. सांगता सांगता तिला रडू फुटलं, आणि सत्तावन्न वर्षांची बाई चोवीस वर्षांच्या पोरीसारखी बाहीने डोळे पुसत राहिली.

"बाराच?" सर म्हणाले.

"बाराच."

सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांची मान ताठ झाली होती, आणि ही मान ताईच्या ओळखीची होती. रागावले की ते असेच वळून बसत. "तेहतीस वर्षं, अगं," ते भिंतीला म्हणाले. "त्या माणसाशी मी बोलणं तोडलं. तो खरं सांगत होता आणि मी त्याच्या आजारपणात पत्रसुद्धा टाकलं नाही." ताईला वाटलं, संचालकांचं ऐकायला हवं होतं. या घरातून उठून पळून जावं असं वाटलं. पण सर काही जा म्हणाले नाहीत, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय उठायची तिला सवय नव्हती.

बऱ्याच वेळाने ते वळले. राग होताच, पण आता तो तिच्यावर नव्हता.

"तिसरा तारा आठवतो तुला?"

तिला आठवला. पहिल्या मोसमात ते आणखी एक तारा मोजत. तपासणीचा तारा. बापडी स्वतः हलत नाही ना, हे पाहण्यासाठी.

"तो मी बंद केला. वेळ जातो म्हणून. तू म्हणालीस, चालू ठेवू या. मी म्हटलं, बापडीवर माझा भरवसा आहे." सरांनी श्वास घेतला, बोलणं त्यांना झेपत नव्हतं. "तुझी चूक एका मोसमात पकडली गेली असती. मी तिला तेहतीस वर्षं पोसली. आता रडू नकोस. लिहायला घे. अंक थांबवायला सांग, माझं नाव घेऊन सांग. दोघांच्या नावाने छापायचं, आणि मी असताना छापायचं."

"हो, सर."

"बारा रात्री होत्या, हेसुद्धा लिही." त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही, आणि ताईनेही पाहिलं न पाहिलंसं केलं.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले तशा काकू आल्या. बाराचं मोजमाप कधी चुकत नसे. दोघांचे चेहरे पाहून त्या थबकल्या, पण हे कामाचं काहीतरी असणार, म्हणून पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांनी काही विचारलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी आपल्या दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन घरघरलं, पट्टा फुगला, सुटला.

"एकशे बहात्तर," काकू म्हणाल्या. "झालं. आज बावन्न जास्त." आणि त्यांनी 'मी'च्या रकान्यात एकशे बहात्तर आणि 'फरक'च्या रकान्यात बावन्न लिहिलं. मग पट्टा सरांच्या दंडाला. "दीडशे. त्यातून बावन्न गेले, अठ्ठ्याण्णव. अगं बाई, फारच उतरलंय की! आता उरलेली अर्धी गोळीही बंद करतील बहुतेक."

सरांनी डोळे उघडले.

"वही इकडे आण."

"अहो, लिहिलंय मी सगळं नीट."

"आण म्हणतोय ना."

त्यांनी भिंग घेतलं आणि वही पहिल्या पानापासून उघडली. 'हे' नाही, 'खरं' नाही. ते फक्त 'मी'चा रकाना वाचत होते, बोट वरून खाली सरकवत. एकशे चौतीस. एकशे सदतीस. एकशे एक्केचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस. पान उलटलं. एकशे छप्पन्न. तिथे बोट ठेवून त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि तेवढ्याने तिलाही दिसलं. काकूंची चौकट धरणं, सुजलेले पाय, सरांचे जोडे. तासाभरापूर्वी तिने हीच वही पाहून 'छान केलंत' म्हटलं होतं.

"तुझी निवृत्तीची तपासणी झाली का गं?" सरांनी तिला विचारलं.

"गेल्या आठवड्यात झाली, सर."

"रक्तदाब?"

"एकशे बावीस."

"हात पुढे कर."

"अहो, तिचं कशाला मध्येच?" काकू म्हणाल्या.

"तिसरा तारा," सर म्हणाले.

काकूंना ते कळलं नाही. ताईने स्वतःच पट्टा गुंडाळला. मशीन घरघरलं, आणि त्या अर्ध्या मिनिटात खोलीत कोणी हललं नाही. आकडा आला. एकशे सव्वीस. आज सकाळपासून तिचं जे झालं होतं ते धरलं तर मशीन बिचारं अगदी चोख होतं.

"मशीन बरोबर आहे," सर म्हणाले.

"मग माझं कसं..." काकूंनी वाक्य सुरू केलं आणि त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

"ये. इथे बस." सरांनी पलंगावर स्वतःशेजारी हात थोपटला. काकू उठल्या, उठताना मेज धरलं, आणि येऊन बसल्या. सरांनी त्यांचा हात हातात घेतला, मनगट चाचपलं. "तीन महिने तुझं चढतंय. रोज तू मला आकडा सांगत होतीस. आणि रोज मी तो माझ्यातून वजा करून घेत होतो."

"अहो, मला काही झालेलं नाही. यांचं आपलं काहीतरीच," काकू ताईला म्हणाल्या. पण सर रडत होते, आता उघडपणे, आणि पन्नास वर्षांत काकूंनी हे पाहिलेलं नव्हतं.

ताईने डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांचे आकडे सांगितले, जसे आले तसे. मग डॉक्टर म्हणाले की सरांची गोळी आजपासून पूर्ण करा, आणि बाईंना हातातलं काम टाकून आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन या, जिनासुद्धा सावकाश उतरवा.

"आणि यांच्याजवळ कोण थांबेल?" काकू दारात अडल्या.

"संचालक येतोय," सर म्हणाले. "त्याला मीच बोलावतोय. त्याच्याशी मला बोलायचंही आहे. तू जा."

काकू नऊ दिवस दवाखान्यात होत्या. आणखी आठवडाभर गेला असता तर मेंदूत रक्तस्राव झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. ताईने ते सरांना जसंच्या तसं सांगितलं. आता त्यांच्यापासून काही लपवायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं.

अंक थांबला. पहिल्या पानापासून सरांच्या कौतुकाऐवजी ताई आणि सर यांच्या नावाने चार पानी टिपण आलं: राक्षसाच्या तेजात ठरावीक काळाची फेरी आढळत नाही, पूर्वी कळवलेले एकेचाळीस दिवस तुलनेच्या तारकेचे आहेत. 'तारका पुरेशा काळजीने तपासली नव्हती' असं ताईने लिहिलं होतं. सरांनी ते खोडून थरथरत्या अक्षरात लिहिलं, 'तारका बारा रात्री पाहिली होती, आणि नंतर कधीच नाही.' तेच छापलं गेलं. जुन्या मित्राला त्यांनी दोन ओळींचं पत्र सांगून लिहून घेतलं. त्याचं उत्तर आलं नाही.

सर एका गुरुवारी दुपारी गेले. काकू शेजारी बसलेल्या होत्या.

ताई आता निवृत्त आहे. सकाळी साडेनऊला तिचा फोन वाजतो. काकू काही कशी आहेस वगैरे विचारत बसत नाहीत.

"एकशे अठ्ठावीस," त्या म्हणतात. "जसं आलं तसं सांगतेय हं."

ताई वहीत लिहून घेते.

"आणि तुझं?" काकू विचारतात. मग ताई दंडाला पट्टा गुंडाळते, आणि आकडा येईपर्यंत काकू फोन धरून थांबतात.